फाटकवाल्यानं सैपाक करू नये

आडे मॅडमच्या खोलीत एका वेळी एकच प्रश्न विचारता येत असे. दोन विचारले, तर पहिल्याचं उत्तर मिळे. दुसऱ्यासाठी बाहेर जाऊन पुन्हा आत यावं लागे. नव्या माणसाला ही थट्टा वाटे. आमच्या प्राचार्यांनाही वाटली होती.

ते नवीन रुजू झाले तेव्हाची गोष्ट. खोलीत शिरले आणि म्हणाले, "मॅडम, ऑफिसचा प्रिंटर का चालत नाही? आणि बुधवारच्या मीटिंगला तुम्ही का नव्हत्या?"

"कागद अडकला होता. काढला," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या.

प्राचार्य उभे राहिले. "आणि मीटिंग?"

"थे दुसरं झालं, सर. बाहेर जाऊन या."

प्राचार्य हसले. मॅडम हसल्या नाहीत. शेवटी ते खरोखरच व्हरांड्यात गेले, जुन्या सूचनाफलकापुढे थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. "मीटिंगला का नव्हत्या?"

"मले बलावलं नोतं."

त्यानंतर प्राचार्य त्या खोलीत फारसे गेले नाहीत. काम असलं की मला पाठवत. मी मराठी शिकवतो, आणि ज्याच्या विषयाला कोणी विचारत नाही त्याला निरोपाची कामं सांगायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. "वानखडे सर, तुमचं जमतं त्यांच्याशी," असं प्राचार्य म्हणत. जमत कोणाचंच नव्हतं. मी फक्त एकेकच प्रश्न विचारायला शिकलो होतो.

सुशीला आडे हे त्यांचं पूर्ण नाव. घाटंजीपासून थोड्या अंतरावर एका तांड्यात जन्म. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, आणि कॉम्प्युटरशी जी कोणती भाषा बोलत ती. पन्नाशी ओलांडलेली. सुती साडी, पायात मुलांचे खेळाचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि अंबाड्यात खोचलेला टेस्टर. वीज गेली की दुसऱ्या बायका पदर सावरतात, या टेस्टर उपसत. लग्न झालं होतं असं म्हणत. प्राचार्यांच्या पत्नींनी एकदा हळदीकुंकवाला बोलावून त्याबद्दल खोदून विचारलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सुरू झालं अन् बंद पडलं. कारण काही लिहून आलं नाही." पुढच्या वर्षी त्यांना बोलावणं गेलं नाही.

कॉलेजात त्या विनाअनुदानित विभागात कॉम्प्युटर शिकवत. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. विनाअनुदानित माणूस दर उन्हाळ्यात कॉलेजातून संपतो आणि शाळा-कॉलेजं उघडल्यावर, संस्थेची मर्जी असेल तर, नव्या आदेशाने पुन्हा सुरू होतो. मधल्या काळात तो कुठे असतो हे कोणी विचारत नाही. आडे मॅडम अशा किती वेळा संपल्या आणि सुरू झाल्या, त्यांनाच ठाऊक. माहितीपत्रकात त्यांच्या विषयापुढे शिक्षकाच्या नावाच्या जागी एक लांबलचक रेघ असे.

एका वर्षी मॅडमनी ठरवलं की प्रवेशाचा फॉर्म पोरांना मोबाईलवरून भरता यायला हवा. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनीच ठरवलं. प्रयोगशाळेतून बाद झालेला एक कॉम्प्युटर त्यांनी खेळाच्या सामानाच्या खोलीत नेला. तिथे मोडके भाले होते, हवा गेलेले फुटबॉल होते, मैदान आखायच्या चुन्याची पोती होती. कॅरमच्या बोर्डावर मशीन मांडून मॅडमनी तिथे दुकान थाटलं. खिडकीला ओला पडदा लावला आणि दाराला पाटी तीच ठेवली, 'क्रीडा साहित्य'. "सर्व्हर लिहिलं तं लोक पाहाले येतीन," म्हणाल्या.

प्राचार्यांनी मला चौकशीला पाठवलं. मी दारातून विचारलं, "मॅडम, सर्व्हर म्हणजे नेमकं काय?"

प्रश्न एकच असल्यामुळे उत्तर मिळालं.

"लग्नात मांडवाच्या फाटकावर एक माणूस उभा राह्यते नं, सर? पाहुणा आला का या, बसा म्हनते. पाहुण्यानं ताट मांगतलं का हा कनातीच्या मांगं आवाज देते. सैपाक मांगं होते, बाहेर. ताट याच्या हाती येते, हा पाहुण्याले देते. पाहुण्याले वाटते यानंच दिलं. थो फाटकवाला म्हनजे सर्व्हर."

मी दाराबाहेर एक पाऊल टाकून परत आलो; पुढच्या दर प्रश्नाला तसंच केलं. "आणि स्वयंपाक करणारा?"

"थो बाहेरचा. त्याले इथी प्रोग्राम म्हनते. फारम तपासाचा असला का फाटकवाला त्याले उठोते, थो काम करते, उत्तर देते अन् संपते. दुसरा फारम आला का पुन्हा उठोते."

"इतका खटाटोप कशाला? फाटकवाल्यालाच शिकवा की स्वयंपाक."

मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी बाकावरचा पोरगा झालो. "फाटकवाल्यानं सैपाक करू नये, सर. भाजी करपली तं फाटक बी बंद पडते, अन् सारे पाहुणे रस्त्यावर. मांगचा आचारी पडला तं पडू द्या. दुसरा उभा करता येते. फाटक चालू राह्यलं पाह्यजे."

मी म्हटलं, "पण त्या आचाऱ्याचं काय?"

"आचाऱ्याले कोण पाह्यते," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

'फाटकवाल्यानं सैपाक करू नये' हे त्यानंतर त्यांचं ब्रीदच झालं. उपप्राचार्य स्वतः खडू आणायला निघाले की मॅडम ते म्हणत. कॉलेजच्या गेटवरचा चौकीदार कोणाच्या लग्नाची मध्यस्थी करताना दिसला की म्हणत. संस्थेचे सचिव वर्गावर येऊन इतिहास शिकवू लागले तेव्हा तर व्हरांड्यातून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. सचिवांना ते कळलं नाही. कळलं असतं तर पुढच्या गोष्टी लवकर घडल्या असत्या, एवढंच.

पहिल्या दिवशी मॅडम फॉर्म उघडायला गेल्या तर पडद्यावर नुसतं आलं, 'अंतर्गत चूक'. नेमके तेव्हा प्राचार्य मागे उभे होते. त्या वर्षी संस्थेत दोन गट पडलेले, कोर्टकचेरी चालू. प्राचार्यांचा चेहरा उतरला. "अंतर्गत म्हणजे? आपल्यातलं कोणी काही बोललं का? सचिवसाहेब पाहण्याच्या आधी हे काढा," असं मला बाजूला घेऊन म्हणाले. मॅडमनी ती चूक शोधली तेव्हा ती अगदी साधी निघाली. त्यांच्या प्रोग्रामच्या फाइलला वाचायची परवानगी होती, चालवायची नव्हती. या दोन परवानग्या वेगवेगळ्या द्याव्या लागतात, असं त्यांनी मला सांगितलं. एक बटण दाबत म्हणाल्या, "आपल्या इकडं पोरीले अन् फाइलले वाचाची परवानगी लवकर भेटते, सर. चालवाची कोणी देत नाही."

फॉर्म चालू झाला.

तो दिसायला अगदी भिकार होता हे मी कबूल केलं पाहिजे. पांढऱ्यावर काळी अक्षरं, चार ओळी, चार चौकोन, खाली एक बटण. चित्र नाही, रंग नाही, सरस्वती नाही. पण तो उघडत होता. झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांत पाण्याच्या टाकीजवळ एखाद्या ठिकाणी कसंबसं नेटवर्क येतं, तिथेही उघडत होता. तिकडच्या मुली विज्ञान शाखेसाठी आमच्याकडे येतात, कारण जवळ जागा मिळत नाही. त्या वर्षी प्रवेशाच्या खिडकीपुढे रांगच लागली नाही. आमच्या क्लार्कना सुनं-सुनं वाटलं. रांग नसली की ओरडायचं कोणावर?

सचिवांना हे दाखवायला प्राचार्य त्यांना खेळाच्या खोलीत घेऊन गेले. सचिव खुर्चीत बसले, मोबाईल हातात घेऊन वरखाली सरकवू लागले. मग म्हणाले, "यात मी कुठे आहे?"

"तुमी यात नाही, सर," आडे मॅडम म्हणाल्या. "यात फारम आहे."

त्या एका उत्तराने सगळं ठरलं. सचिवांचा पुतण्या सौरभ नागपुरात वेबसाइटी बनवण्याचा धंदा करत होता. महिन्याभरात ठराव झाला, कॉलेजची अधिकृत वेबसाइट सौरभ बनवणार. मॅडमना खेळाची खोली रिकामी करण्याचं पत्र गेलं. त्यांनी आपली खुर्ची, डबा आणि ओला पडदा उचलून आणला. मशीन तिथेच राहिलं, चालूच. मी विचारलं, "ते बंद नाही केलं?" तर म्हणाल्या, "मले जागा खाली कराले सांगतलं. मशीन बंद कराले कोणी सांगतलं नाही."

नव्या वेबसाइटचं उद्घाटन सभागृहात झालं. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. व्यासपीठावर लाल बटण बसवलेला एक लाकडी खोका ठेवला होता. सचिवांनी बटण दाबायचं की मागच्या पडद्यावर वेबसाइट उमलणार, अशी योजना. बटणाला वायर कुठेच जोडलेली नव्हती. पडद्यामागे स्टुलावर आडे मॅडमना लॅपटॉप घेऊन बसवलं होतं. मी मायकवरून 'शुभहस्ते' म्हटलं की त्यांनी कळ दाबायची. त्यांनी दाबली. वेबसाइट उमलली. पहिल्याच पानावर सचिव, दुसऱ्या क्षणी सचिव वेगळ्या कोटात, मग सचिव झाड लावताना. फोटो सावकाश फिरत होते. टाळ्या झाल्या. आभारात मी मंडपवाले, माइकवाले आणि चहावाले यांच्यानंतर आडे मॅडमचं नाव घेतलं. ते घेतलं त्याच वेळी चहा आला आणि सभागृह उठलं.

नंतर मी पडद्यामागे गेलो. मॅडम लॅपटॉपची वायर गुंडाळत होत्या.

मी म्हटलं, "वाईट वाटलं का?"

"सर, ज्या प्रोग्रामवर फारम चालते, थो मशीनवर कोन्या नावानं चालते, माहीत आहे? नोबडी. इंग्रजीत कोणी नाही. बाहेरचं काम करणाऱ्याले तेच नाव देतात. म्हनजे त्यानं काही बिघडोलं तरी घरातल्या वस्तूले हात लागत नाही." वायरीचं भेंडोळं त्यांनी पिशवीत टाकलं. "नाव चांगलं आहे. मले वाईट नाही वाटत."

त्यांना वाटलं होतं. कपातला चहा न पिता त्या निघून गेल्या, आणि चहा टाकणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम नेहमीप्रमाणे संपल्या. निकाल लागले, प्रवेश सुरू झाले, आणि सौरभची वेबसाइट झोपली. पहिल्या पानावरचे फोटोच इतके जड होते की खेड्यातल्या मोबाईलवर सचिवांचं कपाळ तेवढं उतरे आणि पुढे गाडी अडे. फॉर्म त्याच्या खाली. त्यात गर्दी झाली की एका ठिकाणी अडकलेला फॉर्म सगळं पाडून टाकी, मग फॉर्म नाही आणि सचिवही नाहीत. चार दिवसांत खिडकीपुढे पुन्हा रांग लागली. क्लार्क पुन्हा टवटवीत झाले. झरीकडच्या मुली पांढरकवड्यावरून दोन बस बदलून येऊ लागल्या, आणि त्यांचा नंबर लागेपर्यंत खिडकी बंद होई.

प्राचार्यांनी मला बोलावलं. खुर्चीत सौरभ बसला होता. पंचविशीचा मुलगा, डोळे तांबारलेले. "वानखडे सर, याला आडे मॅडमच्या घरी घेऊन जा," प्राचार्य म्हणाले. "तुमचं जमतं."

मी म्हटलं, "त्या सध्या आपल्याकडे नोकरीत नाहीत, सर. आदेश संपलाय."

"म्हणूनच घरी जा म्हणतोय."

मी रोज यवतमाळहून एसटीने येतो आणि चारच्या बसने परत जातो. इतक्या वर्षांत मॅडमचं घर मी पाहिलं नव्हतं. कापसाच्या जिनिंगच्या मागच्या वस्तीत दोन खोल्या आणि पुढे छोटं अंगण. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. अंगणात तीन मुली जेवायला बसल्या होत्या. कॉलेजच्या नव्हत्या, अजून व्हायच्या होत्या. मॅडम त्यांना वाढत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी आणखी दोन ताटं काढली. या-बसा काही नाही.

"बस चुकली याइची," एवढंच म्हणाल्या. "उद्या सकाळी खिडकीपाशी पाठोतो."

सौरभ ताट हातात धरून अवघडून बसला. "मॅडम, साइट उघडत नाहीये."

"पाह्यलं."

"सगळं एकातच टाकलं मी. फोटो, फॉर्म, सगळं. माझं चुकलं ते मला कळतंय. फोटो तरी काढतो म्हटलं, तर काका म्हणतात आधी फोटो, मग बाकी."

"मंग काकालेच फारम तपासाले बसव."

पोरगा वाईट नव्हता. वाईट माणूस समोर असता तर मॅडमना सोपं गेलं असतं. ताट खाली ठेवून तो म्हणाला, "तुमचं ते जुनं मशीन अजून चालू आहे. मी बाहेरून तपासलं. माझी साइट समोर राहू देतो. कोणी फॉर्म मागितला की माझा सर्व्हर तो तुमच्या मशीनकडे पाठवेल. तुमचा प्रोग्राम काम करेल, उत्तर माझ्याकडे देईल, मी पुढे देईन. आणि फॉर्मसाठी वेगळा पत्ता देतो, म्हणजे फोटो मध्ये येणार नाहीत."

"अन् नाव कोणाचं?"

"संस्थेचं."

"म्हनजे तुह्या काकाचं."

"हो," सौरभ म्हणाला. खोटं बोलला नाही, हे मला आवडलं.

मॅडम गंजातला, म्हणजे पातेल्यातला, भात ढवळत राहिल्या. मग सौरभशी त्या जे बोलल्या ते मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आवाज चढला नाही. "बाबू, मले पडद्यामांगं बसोलं, मी बसली. खोली सोड म्हनलं, सोडली. उन्हाळ्यात जा म्हनलं, गेली. आता मी तुमची कोणीच नाही, अन् तुमी माह्या घरी जेवून माह्यं मशीन मांगून राह्यले. मी काहून देऊ? थे खिडकी अशीच राहू दे. सचिवाले दिसू दे नं रांग. वर्तमानपत्रात येऊ दे."

मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. मी तसं बोललोही. "मॅडम, मीही देऊ नका म्हणेन," मी म्हटलं. सौरभने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तेव्हा मुलींपैकी एक, मंगला नावाची, हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, उद्या तरी नंबर लागन नं?"

"लागन."

"आमी गावातून पाच जणी येणार होतो. सुनीताच्या अन् शेवंताच्या बाबानं नाही पाठोलं. म्हने बस चुकली तं पोरगी राहीन कुठं. आमच्या घरी तुमचं नाव सांगतलं म्हनून पाठोलं. त्याइले इश्वास नाही बसला."

"मंग थ्या फारम भरणार नाहीत?"

"त्याइचं राह्यलंच आता," मंगला म्हणाली आणि ताटातला भात निवडत बसली.

मॅडमनी गंजावर झाकण ठेवलं. हात धुतले, पदराला पुसले, अंबाड्यातला टेस्टर काढून कोनाड्यात ठेवला आणि सौरभला म्हणाल्या, "लॅपटॉप आनला?"

त्या दोघांनी तिथेच अंगणात काम केलं. मॅडम सांगत, सौरभ लिही. त्याचा सर्व्हर आणि मॅडमचं मशीन यांच्यात बोलणं होईना, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तू दार वाजवून राह्यला, पण कोनत्या दारावर थे त्याले सांगतलं नाही," आणि एक आकडा बदलायला लावला. मग मंगलाच्या मोबाईलवर फॉर्म उघडला. तोच तो भिकार, पांढऱ्यावर काळा. मंगलाने तो तिथेच भरला. मग गावात टाकीजवळ राहणाऱ्या कोण्या मावशीला फोन लावून सुनीताच्या घरी निरोप दिला. सौरभने स्वतःचं ताट घासून पालथं घातलं आणि नागपूरच्या गाडीला निघाला.

त्या वर्षीचे प्रवेश सुरळीत झाले. वार्षिक सभेत सचिवांनी वेबसाइटबद्दल पुतण्याचं कौतुक केलं. सौरभ त्या सभेला आला नाही. सुनीता आणि शेवंता दोघींना प्रवेश मिळाला, वसतिगृहात खोलीही मिळाली. मॅडमचा आदेश त्या वर्षी उशिराने आला आणि तोही अर्ध्या तासिकांचा. प्राचार्य मला म्हणाले, "वेबसाइट झाल्यामुळे आता त्यांना तितकं काम राहिलं नाही ना."

पोळा होऊन गेल्यावर एक दिवस माझी चारची बस आलीच नाही. वाटेत बंद पडली म्हणाले, दुसरी संध्याकाळी लागेल. स्टँडवर बसून कंटाळलो आणि पाय आपोआप जिनिंगच्या मागे वळले.

अंगणात दोरीवर वाकळी वाळत घातल्या होत्या. जुन्या लुगड्यांच्या, हाताने शिवलेल्या. त्यांतल्या काहींवर तांड्यातल्या बायकांचं बारीक टाक्यांचं काम होतं. दोरी पुरली नाही म्हणून भिंतीवरही टाकल्या होत्या. मॅडम एकेक झटकून घडी घालत होत्या.

"इतक्या कोणाच्या?" मी विचारलं.

"पोरींच्या. मी शिवल्या." घडी घालता घालता त्या सांगत गेल्या. कधीपासून ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं. प्रवेशाच्या दिवसांत, परीक्षेच्या दिवसांत, बस चुकलेल्या मुली त्यांच्याकडे राहत. कॉलेजात कोणाला सांगायचं नाही अशी सक्त ताकीद असे. नाहीतर चौकशी लागेल आणि मुली यायच्या बंद होतील. "मी बी अशीच स्टँडवर बसली होती एकदा, यांच्या वयात. सारे येऊन जाऊन राह्यले, पाहून राह्यले. चाल म्हनाले कोणी थांबलं नाही." पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"आणि यंदा?"

"यंदा थे तिघी आल्या, थेवढ्याच. मांगच्या साली तं कोणीच नाही. फारम घरूनच भरते आता. कायले येतीन?" हे त्यांनी निकाल वाचून दाखवावा तशा समाधानाने सांगितलं. मग हातातली वाकळ तशीच धरून उभ्या राहिल्या. "थ्या दिवसांत घर कसं भरलं राहे, सर. एकीचा कंगवा हरवला, दुसरी रडून राह्यली, तिसरीले घरची आठवण. आरशासाठी भांडणं. मी ओरडो नं, तं थ्या माह्यी नक्कल करत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग मॅडम, तुम्हीच बंद केलं की हे. फॉर्म केलाच नसता तर—"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. मी काहीतरी अगदी पोरकट बोललो होतो आणि त्या ते समजून घेत होत्या.

"सर, त्याइनं माह्यासाठी बस चुकवाची काय?"

उरलेल्या वाकळी आम्ही दोघांनी मिळून आत नेल्या. लोखंडी पेटीत त्या मावल्या, झाकण मात्र दाबून बसवावं लागलं. चुलीजवळ गंज उतरवून ठेवला होता. मॅडमनी झाकण उचललं, आतल्या भाताकडे पाहिलं आणि स्वतःशीच हसल्या.

"हात आवरत नाही अजून," म्हणाल्या. "एकटीसाठी किती टाकाचं थे अंदाजच नाही येत. बसा, जेवून जा."

मी बसलो. मॅडमनी भात वाढला, वरण वाढलं, तव्यावरचा ठेचा वाढला आणि समोर पाट घेऊन बसल्या. स्वतः जेवल्या नाहीत, मी जेवतोय ते पाहत राहिल्या. मुलांना काय शिकवता, घरी कोण कोण असतं, बायकोचं गुडघ्याचं दुखणं कमी झालं का, असं एकामागून एक विचारत होत्या. बाहेर स्टँडच्या दिशेने गाडी आल्याचा आवाज झाला. माझीच असावी.

"अजून घ्या नं थोडा," मॅडम म्हणाल्या.

मी ताट पुढे केलं.